डोंग्याला दार नसतं

तलावाच्या पाळीखाली, मोहाच्या झाडाजवळ चार जागी विटा रचलेल्या आहेत. त्यांच्यावर आता गवत चढलं आहे. गुराखी तिथं बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटतात. त्या विटांवर साहेबांच्या गाडीची चाकं असायची. आमच्या गावात मोकळी वीट कोणी सोडत नाही, तरी त्या विटा कोणी नेल्या नाहीत. मी जाळं घेऊन रोज तिकडूनच जातो, म्हणून रोज तो माणूस आठवतो. मी चौथी शिकलो, तीही अर्धी. जसं आठवेल तसं सांगतो. मागचं पुढं झालं तर समजून घ्या.

साहेब चंद्रपूरच्या वीज केंद्रात होते. नोकरीभर एका खोलीत बसून काट्यांकडं पाहायचं काम. काटा लाल पट्टीकडं सरकला तर सांगायचं. मी एकदा विचारलं, "मंग किती खेपा सरकला, साहेब?"

"फारसा नाही."

"मंग पाहाचं कायले?"

"मी डोळा हलवला नाही म्हणून सरकला नाही, भाऊ," साहेब म्हणाले. थट्टा नव्हती. त्यांना तसंच वाटायचं.

लग्न केलं नव्हतं. गावातल्या बायांनी कारण विचारलं तर म्हणाले, "तपासून झालं नाही." बाया हसल्या. साहेब हसले नाहीत.

रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या तलावाखाली जागा घेतली. सगळ्यांना वाटलं, आता पाया खोदतील. पाया नाही अन् काही नाही, एक दिवस पुण्याकडून गाडीच आली. बाहेरून पाहिली तर शाळेच्या पोरांना नेणारी गाडी वाटावी. आत पलंग, गॅस, भांडे घासायची टाकी, पंखा, कपाटं, अन् मागच्या कोपऱ्यात शौचालय. ड्रायव्हरनं गाडी उभी केली, चावी दिली, अन् सिंदेवाहीहून एसटी धरून निघून गेला. सारं गाव पाहायला आलं. एका म्हातारीनं विचारलं, "हे घर आहे का गाडी? म्हणजे पूजा कोणती करता?" साहेब म्हणाले, "आधी तपासू. मग पाहू."

सीटवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं अन् साहेबांनी पेचकस काढला.

मी म्हटलं, "साहेब, नवी कोरी आहे. कायले उघडता?"

"नवी आहे म्हणूनच भरोसा नाही. जुन्या वस्तूनं आपले रोग दाखवलेले असते. नवीन वस्तू लपवून ठेवते."

हे बोलणं त्यांच्याकडून मी किती खेपा ऐकलं असेल याचा हिशेब नाही. गाडी आली तेव्हापासून साहेब तिचे लपलेले रोग शोधून राहिले. कपाटातल्या एकेका कपाला जुना मोजा घातला, कारण खडखड झाली की त्यांची झोप उडायची. "खडखड म्हणजे पुढची बातमी असते, भाऊ." गॅसच्या नळीला रोज सकाळी साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का पाहायचे, अन् मगच चहा ठेवायचे. पाण्याच्या टाकीला काटा, बॅटरीला काटा, आतल्या उकाड्याला काटा. जिथं काटा बसेना तिथं गवंड्याचा ओळंबा. पलंगासमोर छताला त्यांनी ओळंबा टांगला होता. खाली फळीवर खडूनं फुली मारलेली. ओळंबा फुलीवरून सरकला की गाडी एका बाजूला बसली असं समजायचं, अन् त्या चाकाखाली वीट सारायची. पावसाळ्यात काळी माती फुगते, म्हणून साहेब पावसाळाभर विटाच सारत होते.

वांदरांनी छतावरची हवेची खिडकी फोडली, तेव्हा मी माझ्या जुन्या जाळ्याचा तुकडा दिला. तो त्यांनी असा ताणून बसवला की मासाही सुटला नसता. मग त्या जाळ्यातून गांधीलमाशी आली. गांधीलमाशी आली म्हणून शौचालयाचा झरोका सिलिकॉनच्या नळीनं चारही बाजूंनी बुजवला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं कामी येईल. मे महिन्यात गाडी तव्यासारखी तापली, तर छतावर धानाची तणस बांधली. तणस बांधल्यावर आग लागायची भीती. साहेब दोन दिवस बादली घेऊन झाडाखाली बसले अन् तिसऱ्या दिवशी तणस काढून टाकली. मी म्हटलं, "साहेब, आता?" म्हणाले, "आता उन्हाची काळजी. ती परवडते."

अन् इतकं करून गाडी जात कुठंच नव्हती. दर रविवारी साहेब चालू करायचे, पाच हात पुढं घ्यायचे, पाच हात मागं आणायचे, विटांवर चढवायचे अन् बंद करायचे. उतरून रुमालानं कपाळ पुसायचे. मला वाटायचं, गाडी तयार व्हायची राहिली आहे. माझ्या बायकोला तसं वाटत नव्हतं. पण तिचं सांगायचं तर आधी दुसरं सांगावं लागते.

तिला लघवीचा त्रास होता. लाजायचं काय त्यात. गर्भपिशवी काढली तेव्हापासून तिला थांबवता येत नव्हतं. तिचं माहेर अहेरीच्या खाली, प्राणहितेच्या काठावर. इथून सिंदेवाही, मूल, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, पुढं अहेरी. एसटीनं सारा दिवस जातो. एकदा ती गेली होती तशीच, अन् मधेच लुगडं ओलं झालं. शेजारची बाई उठून उभी राहिली. तेव्हापासून तिनं एसटीत पाय ठेवला नाही. मी म्हणायचो, ड्रायव्हरला सांगू, गाडी थांबवेल, झुडपाआड जाशील. ती म्हणायची, "अजी, झुडपाआड बसाचं माझं वय राह्यलं नाई. अन् झुडपात आधीच वाघ बसला आहे." आमच्याकडं हे खोटं नाही. माणसं सकाळी डबा घेऊन जातात तीही चार-चार मिळून.

तर साहेबांच्या गाडीतली बाकी कोणतीही वस्तू तिनं पाहिली नाही. सरळ मागं गेली, शौचालयाचं दार उघडलं, आत बसून पाहिलं, बाहेर आली.

"बसलं की गुडघे दाराले लागते, साहेब."

साहेबांनी लगेच टेप काढला. "किती लागते, बाई?"

"लागू द्या. मले मोजाचं नाई, मले जायचं आहे."

त्या दिवसापासून ती साहेबांकडं जेवणाचा डबा नेऊ लागली. झिंग्याचं कालवण, उन्हाळ्यात आंबील. डबा देताना विचारायची, "झाली का गाडी?" साहेब म्हणायचे, "होऊन राह्यली, बाई." गाडी चालू लागली की तिला माहेरी न्यायचं, हे कोणी ठरवलं नव्हतं, पण तिघांनाही ठाऊक होतं.

मग पोळ्याच्या मागंपुढं तिच्या भाच्याचा फोन आला. तिचा मोठा भाऊ खाटेला लागला. अन्न जात नव्हतं, अन् बहिणीचं नाव घेत होता. तिनं फोन ठेवला, जाळ्याच्या गाठी मारत बसली. मी म्हटलं, एसटीनं जाऊ, रात्री पाणी पिऊ नको, सकाळी पिऊ नको. ती म्हणाली, "मरणाऱ्या माणसापुढं मी ओल्या लुगड्यानं उभी राहू?" मी तसाच उठलो अन् साहेबांकडं गेलो.

साहेब गाडीखाली पालथे पडले होते. शौचालय गळत होतं. आत खाली प्लास्टिकचं पसरट तसराळं होतं, त्यातल्या पाणी जायच्या भोकाजवळ बारीक चीर पडली होती, अन् पाणी खालच्या प्लायवूडमधून टपटप गळत होतं. साहेबांनी डांबर लावून पाहिलं, सिलिकॉन भरून पाहिलं. चीर सापडते, बुजते, अन् दुसऱ्या दिवशी पाणी दुसरीकडून येते.

"बाईला न्यायचं आहे अन् नेमकं हेच गळते," साहेब खालूनच म्हणाले.

बोलता बोलता डोंग्याची गोष्ट निघाली. मासे धरायचा आमचा लाकडी डोंगा उन्हाळ्यात पाळीवर पडून वाळतो, जोड फाकतात. पावसाळ्यात तसाच पाण्यात टाकला तर बुडतो. म्हणून आम्ही तो आधी मुद्दाम पाण्यात बुडवून ठेवतो. दगड घालून. लाकूड पाणी पिते, फुगते, जोड आपोआप बसतात. मग काढून पाणी उपसलं की थेंब आत येत नाही. बापापासून चालत आलेली रीत.

साहेब गाडीखालून बाहेर आले. चेहऱ्यावर माती. "मग हेही लाकूडच आहे," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी पाणी जायच्या भोकाला बोळा लावला अन् शौचालयात उंबऱ्यापर्यंत, दाराच्या काठाला लागेल इतकं, पाणी भरलं. बादल्या मीच आणल्या तलावातून. साहेब सकाळ-संध्याकाळ खाली वाकून पाहायचे. आधी टपटप, मग एखादा थेंब, मग थेंबही नाही. पाणी सोडलं, पुसून घेतलं, परत ओतून पाहिलं. गळणं बंद. साहेबांनी माझा हात धरला. इतक्या दिवसांत त्यांना असं खूश मी पाहिलं नव्हतं. मीही खूश. माझी बायको तेवढी दाराशी उभी राहून वास घेत होती. म्हणाली, "लाकूड पाणी पेलं ते ठीक. पण पेलेलं माणूस सरळ उभं राहते का, ते पाहा." आम्ही हसलो.

आता तरी निघायचं. तर साहेबांना टायरची हवा आठवली. मग दुसरी बॅटरी. मग आरसे. सोमवार म्हणाले, मग गुरुवार म्हणाले. तिकडून भाच्याचा फोन, आत्या, येते का. मी गेलो अन् तोंडावर बोललो, "साहेब, तुमची गाडी होईल तयार. तिचा भाऊ नाई राहाचा तोपर्यंत."

साहेब ओळंब्याकडं पाहत राहिले.

घरी येऊन मी शिव्या देत होतो तर बायको म्हणाली, "त्या माणसाले गाडी चालवाले भेव लागते. इतके दिवस तुमाले समजलं नाई?"

"लायसन आहे त्याच्याकडं."

"लायसन खिशात राहते. भेव पोटात राहते. पुण्याहून गाडी कोणी आणली? ड्रायव्हरनं. कधी पाळीच्या पुढं गेली का? तुमी अन् तो, दोघंही नळ्याच पाहून राह्यले."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरात नव्हती. मी शोधत गेलो तर साहेबांच्या गाडीत बसलेली. खिडकीजवळ, मांडीवर गाठोडं, गाठोड्यात भावासाठी वाळवलेल्या माशांची पिशवी. सारी गाडी माशांच्या वासानं भरली होती. साहेब बाहेर उभे.

"बाई, ब्रेकचं एक पाहायचं राह्यलं आहे."

"पाहा."

"दोन दिवस लागतील."

"लागू द्या. मी उतरत नाई. शौचालय आहे, गॅस आहे, मासे आहे. मले काय कमी?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी जाऊन तिच्या बाजूला बसलो. दुसरं काय करणार होतो. साहेब गाडीभोवती फिरले, प्रत्येक चाकाला पायानं दाबून पाहिलं, झाडाला हात लावला, अन् चढून बसले. पाच हात पुढं गेले. मला वाटलं, आता मागं घेतात. मागं नाही घेतलं. विटांवरून धप्पकन उतरली गाडी अन् पाळीच्या रस्त्याला लागली.

बैलगाडी पुढं निघून जावी इतक्या हळू साहेब चालवत होते. मूलपर्यंत दोन्ही हात चाकाला असे धरलेले की बोटं पांढरी. एक डोळा रस्त्यावर, दुसरा काट्यांवर. घडीभरानं विचारायचे, "भाऊ, ओळंबा?" मी सांगायचो, "फुलीवर." माझी बायको आरामात. लागलं की उठून मागं जायची, दार लावायची, येऊन बसायची. चामोर्शीच्या पुढं मला म्हणाली, "राजाची राणी अशीच जात असन." तिच्या तोंडावर जे होतं ते मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही पाहिलं नव्हतं.

आष्टी सोडली अन् रस्ता संपला. म्हणजे रस्ता होता, पण लोहखनिजाच्या ट्रकांनी त्याच्या बोड्या, म्हणजे लहान तळीच, करून ठेवल्या होत्या. एक चाक वर, दुसरं खड्ड्यात. दोन्हीकडं सागाचं जंगल. दसऱ्याच्या आधीचं ऊन, हवा बंद. मागं ट्रकांची रांग, हॉर्नवर हॉर्न. ओळंबा घड्याळाच्या लंबकासारखा हलत होता. मी सांगणं सोडून दिलं होतं. तेवढ्यात ती मागं गेली.

जरा वेळानं आतून आवाज आला, "अजी, दार उघडा बरं."

मी ओढलं. हलेना. तिनं आतून ढकललं, मी बाहेरून ओढलं. खुंटीसारखं बसलं होतं. साहेबांनी गाडी कडेला घेतली, तर एक बाजू आणखी खाली गेली अन् दार आणखी आवळलं. साहेब आले, पेचकस लावला, कडीचे स्क्रू काढले. कडी सुटली तरी दार जाग्यावरच. चौकटीत फुगून बसलं होतं. साहेबांनी पटाशी शोधायला कप्पे उघडले. प्रत्येक कप्प्यावर नाव लिहिलेलं, पण साहेब न वाचताच उपसत होते. सगळं सामान खाली आलं. मोज्यातले कप गडगडत गेले.

"घाई नका करू," ती आतून म्हणाली. "मी बसूनच आहो."

मी हसलो. साहेब नाही हसले. ते वर पाहत होते, झरोक्याच्या जागेवर. सिलिकॉननं त्यांनीच बुजवलेला.

"बाई, हवा आहे का आत?"

"कमी आहे जराशी."

मग ती बोलली नाही. मी हाक मारली. "अवं." काही नाही. मी दारावर बुक्क्या मारल्या. हॉर्न वाजत होते अन् त्यात मला तिचा श्वासही ऐकू येत नव्हता. चाळीस वर्षांच्या वर संसार झाला, पण त्या बाईचं तोंड गप्प झालं असं कधी झालं नव्हतं.

साहेबांकडं ड्रायव्हरच्या सीटमागं कुऱ्हाड असायची, अस्वलाच्या भीतीनं ठेवलेली. ज्या माणसानं एक खिळा ठोकायला तीनदा खूण केली, त्यानं ती कुऱ्हाड उचलली, "बाई, मागं टेका," एवढं ओरडला अन् स्वतःच्या नव्या गाडीच्या दारावर घाव घातला. खूण नाही, माप नाही. वरच्या बाजूला घातला, ती बसलेली असेल म्हणून. दुसरा, तिसरा. फळी फाटली. मी हात घालून ओढली.

ती भिंतीला डोकं टेकून बसली होती. घामानं चिंब. मी तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडले, आधी साहेबांकडं पाहिलं, मग कुऱ्हाडीकडं.

"किती वेळ लावता," ती म्हणाली.

आम्ही तिला बाहेर आणून सागाच्या सावलीत बसवलं. वाघाची आठवण कोणाला झाली नाही. साहेब दाराचा तुटका तुकडा हातात घेऊन रस्त्याच्या कडेला बसले. नखानं दाबून पाहत होते. नख आत जात होतं, भिजलेल्या पोळीत जावं तसं.

"भाऊ," ते म्हणाले, "डोंग्याला दार नसते."

"नसते," मी म्हटलं.

दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट. दोघांनाही आठवली नाही.

साहेब उठेनात. म्हणाले, माझ्यानं आता गाडी चालवणं होत नाही, तुम्ही ट्रकवाल्याला हात दाखवा. तेव्हा ती उठली. गाठोड्यातून हिरवं लुगडं काढलं, मला म्हणाली, दाराच्या जागी बांधा. मी जाळ्याच्या दोरीनं बांधलं. ती पुढं जाऊन साहेबांच्या बाजूच्या सीटवर बसली.

"साहेब, या. तुमी रस्त्याकडं पाहा. काट्याकडं मी पाहते."

"तुम्हाला समजणार नाही, बाई."

"लाल कुठी आहे तेवढं दाखवा."

साहेबांनी दाखवलं. तिथून अहेरीपर्यंत अन् पुढं नदीपर्यंत ती त्या काट्यांकडं पाहत बसली. माहेरचा रस्ता इतक्या वर्षांनी येत होता, झाडं येत होती, तिच्या ओळखीची गावं येत होती, अन् तिनं मान वळवली नाही. मी म्हटलं, अवं, पाह्य ना, तुझ्या माहेरचा घाट आला. म्हणाली, "तुमी पाहा अन् मले सांगा."

तिचा भाऊ अंगणात खाटेवर होता. हाडाचा सापळा. त्यानं तांब्या मागितला. पाहुण्यांचे पाय धुवायची आमच्यात रीत आहे, पण खाटेवरून कोण धुते? त्यानं तिला खाटेजवळ उभं केलं, पडल्या पडल्या हात खाली सोडला अन् तिच्या पायांवर पाणी ओतलं. अर्धं खाटेखाली गेलं. "कशी आली?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "शौचालयात बसून आली." तो हसला, खोकला, परत हसला. संध्याकाळी भाच्यांनी त्याला उचलून गाडीत आणलं, पलंगावर निजवलं. दोघं भाऊ-बहीण दार उघडं ठेवून नदीकडं पाहत लहानपणीची भांडणं काढत बसले. कोणी कोणाचा मासा खाल्ला, ते. साहेब बाहेर चाकाजवळ बसून ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी ओळंबा पाहिला नाही.

भाऊ मरेल म्हणून आम्ही धावत गेलो. तो अजून आहे. अजून पान खाते. थंडीत ती गेली. लघवीचा त्रास म्हणून आम्ही जो समजत होतो तो मूत्रपिंडाचा होता. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा सांगून उपयोग नव्हता. मला त्याच्यावर जास्त बोलायचं नाही.

तेरवीला साहेब आले. माझ्या घरचं दार किती वर्षांपासून करकरत होतं, आम्हाला ऐकूही येत नव्हतं आता. लोक पंगतीत जेवत होते अन् साहेब उंबऱ्यावर बसून बिजागरीत तेल सोडत होते. लावून पाहिलं, उघडून पाहिलं, गेले. त्या रात्रीपासून माझ्या घरात कोणी आलं-गेलं तर समजत नाही.

तिचे कपडे रीतीप्रमाणं वाटून टाकले. पेटी रिकामी झाली. राहिलं ते एकच, साहेबांच्या गाडीतलं हिरवं लुगडं. गाडीतलं बाकी सगळं साहेबांनी कितीदा बदललं, पंखा बदलला, नळ बदलले, झरोका फोडून मोठा केला, पण तिथं दार लावलं नाही. लुगड्याच्याच काठाला टीप मारली, वर कड्या बसवल्या. बस. गावातल्या दोघी-तिघी म्हाताऱ्या विचारून राहिल्या होत्या, साहेब, आमाले पण न्या ना माहेरी. पण पडद्याआड बसायला त्यांची तयारी नव्हती.

मागच्या दिवाळीनंतर एके सकाळी साहेब माझ्या अंगणात आले. काखेत नवीन दार. अॅल्युमिनियमचं. भिंतीला टेकवून ठेवलं अन् उभे राहिले.

"हे फुगत नाही, भाऊ. खाली बोटभर फट ठेवली आहे. कडी बाहेरूनही निघते. वर जाळी आहे, हवा जाते." मग कडी एकदा काढून-घालून पाहिली. "लावू का?"

इतके दिवस हा माणूस एवढं विचारायला घाबरत होता, हे मला तेव्हा समजलं. मी म्हटलं, "लावा. बाईमाणसाले दार लागते. तिनं असंच सांगितलं असतं."

आम्ही दोघांनी मिळून बसवलं. पडद्याच्या कड्या साहेबांनी एकेक करून काढल्या, लुगड्याची घडी घातली, काठाला काठ लावून, माझ्या हातात दिली. मग स्वतः आत गेले, दार लावून घेतलं. मी बाहेर उभा. कडी वाजली, दार उघडलं. परत लावलं, परत उघडलं. किती वेळ चाललं ते. मी थांबवलं नाही.

त्या म्हाताऱ्यांना त्यांनी एकेक करून माहेरी पोचवलं. मग एक दिवस माझ्याकडं येऊन म्हणाले, "भाऊ, सिरोंच्याच्या पुढं काय आहे, जाऊन पाहू का?" मी म्हटलं, पाहा. विटा तशाच राहिल्या.

ते लुगडं मी पांघरतो. त्याला अजून सिलिकॉनचा वास आहे. तिचा नाही.

साहेबांचा फोन येते, दिवस बुडायच्या वेळी, मी जाळं धुवून बसलेला असतो तेव्हा. हॅलो म्हणत नाहीत. कुठून बोलतात ते सांगत नाहीत. "पाणी अर्ध्याच्या वर. बॅटरी भरलेली. ओळंबा फुलीवर." अन् शेवटी, "दार उघडते."

मी विचारतो, "उघडून पाह्यलं?"

"आत्ताच पाह्यलं, भाऊ."

"बरं," मी म्हणतो, अन् फोन ठेवतो.